भांडेवाडीत सांडपाण्याला गिऱ्हाईक मिळालं, कचऱ्याला का नाही?

नागपूरचा उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे. लाव्याच्या टेकड्यांकडून येणारी नाग नदी अंबाझरी तलावातून उतरते, सीताबर्डी आणि महालाच्या अंगाने जाते आणि पूर्वेला शहराबाहेर पडते. पिली नदीचा रोखही पूर्वेलाच. त्यामुळे धरमपेठेतल्या मोरीत ओतलेलं पाणी कुणी काही न करता आपसूक पूर्व नागपुरात पोचतं. भांडेवाडी या उताराच्या खालच्या टोकाला आहे, म्हणून सांडपाण्यावर प्रक्रिया करणारं मोठं केंद्र तिथे आलं. कचरा काही उताराने वाहत नाही, तो ट्रकने न्यावा लागतो. पण तोही तिथेच जातो. एखादा भाग शहराची मागची बाजू ठरला, की मग सगळंच तिकडे ढकललं जातं.

हे प्रकरण मी निवडलं ते एका विसंगतीसाठी. जागा एक, महापालिका एक, टाकणारी माणसंही तीच. तरीही सांडपाण्याचा व्यवहार जमला आणि घनकचऱ्याचा अजून जमलेला नाही. आपल्याकडे अशा वेळी ‘इच्छाशक्ती नाही’ असं म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. पण एकाच कार्यालयात सांडपाण्यापुरती इच्छाशक्ती होती आणि कचऱ्यापुरती नव्हती, हे काही पटत नाही. कारण दुसरीकडे शोधावं लागेल.

माणसं किती वाढली

२००१ च्या जनगणनेत नागपूर महापालिका हद्दीत साधारण २०.५ लाख लोक होते, २०११ मध्ये २४ लाख. म्हणजे दहा वर्षांत १७ टक्के वाढ. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे त्यानंतरचे सगळे आकडे अंदाजाचे. १७ टक्के वाढ लहान नाही, पण शहर बुडवण्याइतकीही नाही. गडबड झाली ती माणसं कुठे वाढली यात. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्या आधीच भरलेल्या. नवी वस्ती कडेने पसरली. शेतीचे तुकडे पाडून प्लॉट विकले गेले, आधी परवानगीशिवाय पडलेल्या आणि नंतर नियमित करायला घेतलेल्या लेआउटच्या याद्या म्हणजे ‘५७२’ आणि ‘१९००’ लेआउट, हे शब्द नागपूरकराच्या रोजच्या बोलण्यात आले. हुडकेश्वर, नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेत आले. बेसा, बेलतरोडीकडे तर ग्रामपंचायतीच्या हद्दीत सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या. घर आधी, रस्ता नंतर, गटारलाइन सगळ्यात शेवटी. गटारलाइन नाही तिथे घराखाली सेप्टिक टँक, आणि तो भरला की त्याचं पाणी जवळच्या नाल्यात.

दुसरा बदल टाकण्यात झाला. आमच्याकडे प्लास्टिकच्या पिशवीला पन्नी म्हणतात. महाराष्ट्रात मार्च २०१८ मध्ये तिच्यावर बंदी आली, पण संध्याकाळी गोकुळपेठेच्या बाजारात जाऊन पाहा, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी अजूनही पन्नीतच मिळते. शॅम्पूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, पार्सलचे डबे, लहान मुलांचे डायपर. एका माणसामागचा कचरा वजनात वाढला त्यापेक्षा प्रकारात जास्त वाढला. आज शहरातून रोज हजार-बाराशे टन कचरा निघतो. म्हणजे माणशी अर्धा किलोच्या आसपास. अर्धा किलो ऐकायला काहीच नाही. पण त्यातली खरकटी पोळी आणि डायपर एकाच पन्नीत गाठ मारून येतात, आणि पुढची सगळी कथा त्या गाठीची आहे.

सांडपाणी कसं खपलं

आधी जमलेल्या व्यवहाराकडे पाहू. नागपूरचं पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून येतं, त्याच्या जोडीला कन्हान नदी आणि गोरेवाडा तलाव. शहराच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रं आहेत. वीज केंद्राला कोळसा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं, पाणी किती लागतं ते सहसा कुणी विचारत नाही. वाफ थंड करायला पाणी लागतं आणि त्यातलं बरंचसं शीतकरण मनोऱ्यांतून हवेत उडून जातं. कोराडीत ६६० मेगावॉटचे तीन नवे संच बसवायचे ठरले, एकूण १,९८० मेगावॉट. एका मेगावॉट-तासाला तीन हजार लिटर पाणी धरलं आणि संच पूर्ण क्षमतेने चालले, तर दिवसाला १४ कोटी लिटरच्या वर हिशेब जातो. हे पाणी पेंचमधून घ्यायचं म्हटलं की एकीकडे शहर आणि दुसरीकडे पारशिवनी, रामटेक, मौदा भागातला शेतकरी, असं भांडण दारात उभं.

तेव्हा नजर गेली ती नाग नदीकडे. नाग नदीला बाराही महिने पाणी असतं, कारण ते पावसाचं नसतंच. शहर जितकं वापरेल तितकं ते येणारच. ही वीज केंद्रं चालवणारी राज्य सरकारची महानिर्मिती कंपनी आणि महापालिका यांच्यात करार झाला. महापालिकेने सांडपाणी द्यायचं, महानिर्मितीने भांडेवाडीत प्रक्रिया केंद्र उभारून ते पाणी पाइपाने कोराडीला न्यायचं, आणि वर महापालिकेला वर्षाला सुमारे १५ कोटी रुपये द्यायचे. केंद्र सरकारच्या शहरांसाठीच्या जेएनएनयूआरएम योजनेतून भांडवलाला हातभार लागला. १३० एमएलडीचं केंद्र उभं राहिलं, म्हणजे दिवसाला १३ कोटी लिटर. कोराडीचे नवे संच २०१५ ते २०१७ या काळात सुरू झाले, त्यांची तहान या पाण्याने भागायला लागली. भांडेवाडीतच नंतर २०० एमएलडीचं आणखी एक केंद्र खाजगी भागीदारीतून झालं, त्याच्याही पाण्याचा मोठा वाटा वीज केंद्रांकडेच जातो.

१३ कोटी लिटर म्हणजे किती? शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं असं मानक धरलं जातं. त्या हिशेबाने साडेनऊ लाखांहून अधिक माणसांचं रोजचं पाणी. जुलै २०१९ मध्ये पेंच प्रकल्पाचं तोतलाडोह धरण कोरडं पडलं, वरच्या बाजूला मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून येणारा ओघही कमी झाला होता, आणि महापालिकेला शहरात एकाआड एक दिवस नळ बंद ठेवावे लागले. त्या महिन्यात कोराडीनेही पेंचकडे हात पसरला असता, तर काय झालं असतं याची कल्पना करायला फार हुशारी लागत नाही.

हे का जमलं, याची कारणं मला सरळ दिसतात. गिऱ्हाईक एकच होतं, मोठं होतं आणि शेजारीच होतं. त्याची गरज रोजची होती, दिवाळी-होळीला खंड पडणारी नव्हती. त्याला पाणी पिण्याच्या दर्जाचं नको होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नागपूरच्या एकाही घराला आपली सवय बदलावी लागली नाही. संडास, आंघोळ, भांडी, धुणं यांचं पाणी एकत्र आलं तरी प्रक्रिया केंद्राला चालतं, ते त्यासाठीच बांधलेलं असतं. मिसळलेपणाची किंमत यंत्राने मोजली, माणसाने नाही. पुढे जानेवारी २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात तर ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी शहरांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरणं सक्तीचंच झालं. नागपूरने ते आधीच करून दाखवलं होतं, आणि याचं श्रेय द्यायला हात आखडता घेऊ नये.

पण हार-तुरे घालून मोकळं व्हावं असंही नाही. शहराच्या कडेच्या लेआउटचं पाणी अजून गटारलाइनमध्येच येत नाही, ते प्रक्रियेपर्यंत पोचणार कसं? नाग नदी आजही काळी वाहते. ती पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात जाऊन थांबतं. भंडारा जिल्ह्यातल्या नदीकाठच्या लोकांनी नागपूरचं काय घोडं मारलं आहे? नदी स्वच्छ करायला सुमारे दोन हजार कोटींचा प्रकल्प मंजूर झाला आहे, त्यातला मोठा भाग नुसत्या गटारलाइन टाकण्याचा आणि नवी केंद्रं बांधण्याचा. शिवाय ज्या वीज केंद्राने सांडपाणी घेऊन पेंच वाचवली, त्याच कोराडीच्या राखेचा खसाळा इथला बांध १६ जुलै २०२२ रोजी पावसात फुटला आणि राख कोलार नदीतून कन्हानकडे गेली. कन्हान म्हणजे शहराच्या नळाचा दुसरा आधार. एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने घालवायचं, असा हा प्रकार.

गाडी आणि गाठ

आता कचरा. पूर्व नागपुरातल्या एका लेआउटमध्ये सकाळी साडेसातच्या सुमारास कचरागाडी येते. भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं, मागे दोन कप्पे, एक हिरवा, एक निळा. घराघरातून बादल्या निघतात. एक बाई बादलीतली गाठ मारलेली पन्नी तशीच हिरव्या कप्प्यात टाकते.

“ताई, ओला वेगळा द्या ना जी,” हेल्पर म्हणतो.

“भाऊ, तुमच्या गाडीत तर सगळं एकच होऊन राहिलं. आम्ही वेगळा करून काय फायदा?”

तो काही बोलत नाही, कारण ती खोटं बोलत नसते. तो पन्नीची गाठ नखाने फाडतो, आत हात घालतो, दुधाच्या दोन पिशव्या आणि पाण्याची एक बाटली काढून गाडीला मागे अडकवलेल्या बोरीत टाकतो. त्या बोरीतलं तो संध्याकाळी कबाड्याला विकतो. हातात मोजा नाही. भाजीची सालं, तांदूळ, सॅनिटरी पॅड, फुटकी काच, सगळं हाताखालून जातं. खरं वर्गीकरण या शहरात आज याच दोन हातांनी होतं, आणि ते फक्त विकलं जाईल तेवढ्याचंच होतं.

निळ्या कप्प्याचं गणित आणखी वेगळं. कोरडा कचरा हलका पण जागा खाणारा: खोके, थर्माकोल, पन्न्या. तो कप्पा अर्ध्या फेरीतच शिगोशीग भरतो. मग चालकापुढे दोन पर्याय. उरलेली अर्धी वस्ती सोडून फेरी संपवायची, किंवा कोरड्या पिशव्या हिरव्या कप्प्यात टाकायच्या. वस्ती सोडली तर तक्रार होते. मिसळलं तर कुणी विचारत नाही. तो काय करणार हे सांगायला नको.

विचारत का नाही, याचं उत्तर पैशाच्या वाटेत आहे. वाहतुकीचे पैसे बहुतांशी टनावर मिळतात. काट्यावर गाडी चढते, वजन नोंदवलं जातं, त्यावर बिल निघतं. वजनाला पैसे मिळत असतील तर ओलं आणि जड तेच फायद्याचं. वजन वाढवायला कचऱ्यात माती आणि बांधकामाचा मलबा टाकल्याचे आरोप नागपुरात अनेकदा झाले आहेत. ते खरे-खोटे ठरवणं हा या लेखाचा विषय नाही. पण असे आरोप व्हावेत अशीच ती रचना आहे, एवढं नक्की. २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण घरातच करा म्हणून सांगितलं, रोज शंभर किलोवर कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी टाकली. नियमाचं आणि बिलाचं तोंड मात्र दोन दिशांना राहिलं. भांडण बिल जिंकतं.

डोंगर

काट्यावरून गाडी पुढे भांडेवाडीच्या डंपिंग यार्डात रिकामी होते. वर्षानुवर्षं असंच झाल्यामुळे तिथे लाखो टनांचा डोंगर साचला. ओला कचरा दाबला गेला, हवा लागली नाही, की तो कुजताना मिथेन वायू सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीस-अठ्ठावीसपट तापवतो. त्याआधी तो पेटतो, हे तिथल्या लोकांना जास्त माहीत आहे. मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर गेलं की ढिगाला आगी लागतात, आणि आग वरून विझवली तरी आत धुमसत राहते. तो धूर आजूबाजूच्या वस्त्यांत, बिडगावच्या घरांत शिरतो. पावसाळ्यात ढिगातून काळं पाणी झिरपतं. बोअरवेलचं पाणी पिवळं निघालं की त्यावर तिथे आता कुणी आश्चर्यही करत नाही.

‘डंपिंग यार्ड होतं हे माहीत असून तिथे घर घेतलंच कशाला?’ असा शहाणपणा पश्चिम नागपुरात बरेचदा ऐकू येतो. स्वस्त जमीन जिथे असते तिथेच रोजमजुरी करणारा माणूस प्लॉट घेतो. शहर वाढतं तेव्हा आधी डंपिंग यार्डकडेच वाढतं, कारण तिथेच परवडतं. वाठोडा, तरोडीकडे तर सरकारी घरकुलांच्याही इमारती आल्या.

जुना डोंगर हलवण्याचं काम बायोमायनिंगने सुरू झालं. पोकलेनने कचरा उकरायचा, वाळवायचा, जंतूंचं द्रावण मारायचं, मग ट्रॉमेलमध्ये घालायचा. ट्रॉमेल म्हणजे भोकं असलेलं लांब, तिरपं, फिरणारं पिंप. बारीक माती भोकांतून खाली गळते, विटा-दगड वेगळे पडतात, आणि टोकाशी निघतात चिंध्या आणि पन्न्या. जाळण्यालायक चिंध्या-पन्न्या सिमेंट कारखान्यांना इंधन म्हणून देता येतात. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटच्या भट्ट्या आहेतच, त्यामुळे हे नुसतं कागदी नाही. पण बायोमायनिंग ही जुन्या उधारीची फेड आहे. रोजची नवी उधारी थांबली नाही तर ती कधी संपायची नाही.

रोजच्या कचऱ्याचं खत करून पाहिलं गेलं. मिश्र कचऱ्यातून निघालेल्या खतात काचेचे तुकडे आणि पन्नीचे धागे राहतात. केंद्र सरकारने २०१६ मध्ये शहरी खताला टनामागे १,५०० रुपयांचं अनुदान दिलं, खत कंपन्यांना ते सोबत विकायला सांगितलं. तरी काटोल-कळमेश्वरचा संत्राबागायतदार आपल्या झाडांच्या आळ्यात काच का टाकेल? त्याच्याकडे शेणखत आहे. तो अडाणी म्हणून घेत नाही असं नाही, त्याने हातात घेऊन पाहिलं म्हणून तो घेत नाही.

इथे दोन कथांमधला फरक समोर येतो. सांडपाण्याचं गिऱ्हाईक मिश्र माल घ्यायला तयार होतं आणि तो निवडण्याचं यंत्र स्वतःच बांधत होतं. कचऱ्याचं गिऱ्हाईक, मग ते शेतकरी असो, कबाडी असो की गॅस कंपनी, निवडलेलाच माल मागतं. सांडपाण्याची मेहनत पाइपाच्या शेवटी करता येते. कचऱ्याची मेहनत ओट्याजवळच करावी लागते, आणि नेमकं तिथेच करणाऱ्याला काही मिळत नाही. ज्ञानाची कमतरता हे कारण तर मुळीच नाही. पर्यावरण अभियांत्रिकीची देशातली मोठी संस्था, नीरी, १९५८ पासून याच शहरात आहे.

आता पुढे

इंदूरचं उदाहरण नागपुरात उठता-बसता दिलं जातं. तिथे फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी काढणारा प्रकल्प सुरू झाला, त्यातून शहराच्या बसही चालतात. त्याचं कौतुक करताना लोक यंत्राचं कौतुक करतात. खरं तर त्या यंत्राआधी इंदूरने काही वर्षं घरोघरी वेगळा कचरा घेण्याची घडी बसवली होती, आणि मिश्र कचरा गाडीत घ्यायचाच नाही यावर गाडीवाला ठाम राहिला होता. यंत्र शेवटी आलं.

भांडेवाडीतही आता रोज हजार टन कचऱ्यावर प्रक्रिया करून बायोगॅस काढण्याचा प्रकल्प हाती घेतला आहे. म्हणजे कोराडीसारखं मोठं, एकच, रोजचं गिऱ्हाईक कचऱ्यालाही मिळण्याची शक्यता पहिल्यांदाच तयार झाली आहे. ही गोष्ट मी महत्त्वाची मानतो. मात्र बायोगॅसच्या टाकीतले जंतू पन्नी खात नाहीत, वाळू आणि काच तर पंपच खाऊन टाकतात. यंत्राच्या तोंडाशी निवडायची सोय असली तरी प्रत्येक टन भेसळीमागे गॅस कमी आणि खर्च जास्त.

त्यामुळे मला विचाराल तर सुरुवात जनजागृतीच्या फ्लेक्सपासून करू नये, बिलापासून करावी. वाहतुकीचा दर काट्यावरच्या एकूण वजनावर न ठरवता प्रकल्पाने स्वीकारलेल्या स्वच्छ ओल्या कचऱ्यावर ठरवावा, आणि मिसळलेल्या खेपेचे पैसे कापावेत. तसं झालं तर गाडीवाला स्वतःच दारात गाठ मारलेली पन्नी परत करेल. कोरड्या कचऱ्याला वेगळी, मोठ्या पिंजऱ्याची गाडी द्यावी, आठवड्यातून दोनदा आली तरी पुरे, कोरडा कचरा सडत नाही. हेल्परच्या बोरीला चोरी समजणं बंद करून त्याला मोजे, वजनकाटा आणि कबाड्याचा ठरलेला भाव द्यावा. कळमना आणि कॉटन मार्केटचा भाजीपाला, संत्र्याच्या मोसमातली सालं आणि सडकी फळं, हॉटेलांचं खरकटं हे आधीच एकजिनसी आहे. प्रकल्पाची पहिली काही वर्षं त्यावर चालवता येतील, तोवर वस्त्यांची घडी बसेल.

एक कलम मात्र मी करारात आवर्जून शोधेन. बायोमायनिंगने डोंगर हटल्यावर भांडेवाडीत एकरांनी जमीन मोकळी होणार आहे, आणि ती प्रकल्पाच्या अगदी शेजारी असेल. फाटकावर मिश्र म्हणून नाकारलेली गाडी कुठे रिकामी करायची, हे तिथे नाव घेऊन लिहिलेलं असलं पाहिजे. नाहीतर ती सकाळी साडेअकराला, उन्हात, मागे दुसऱ्या गाड्यांची रांग लागलेली असताना, त्या मोकळ्या जमिनीवरच रिकामी होईल.